जुन्या ओम्नी-ईकोचे इंजिन फाउंडेशन : झीज ओळखणे आणि बदलणे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी घरांत जुनी ओम्नी किंवा ईको अजूनही बरीच दिसते. गणपतीची मूर्ती आणायची, लग्नाचे सामान न्यायचे, तबला-पेटी घेऊन कार्यक्रमाला जायचे, म्हाताऱ्या माणसांना कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला न्यायचे, अशा सगळ्या कामांना हीच गाडी बाहेर काढली जाते. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिला ओम्नी नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी वयस्कर आहे. ईको २०१० साली आली. तिच्याही पहिल्या गाड्या आता जुन्या झाल्या.

अशा गाड्यांत एक तक्रार हमखास येते : "गाडी उभी असताना फार हादरते" किंवा "क्लच सोडला की खालून ठक्क आवाज येतो." अनेकदा क्लच बदलला जातो, प्लग बदलले जातात, चाकांचे बॅलन्सिंग होते, पैसे जातात आणि हादरा तसाच राहतो. कारण दोष असतो इंजिन ज्यांवर बसलेले आहे त्या रबरी गाद्यांत. पुस्तकात त्यांना इंजिन माउंटिंग म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र मिस्त्री मराठीत बोलो, कन्नडमध्ये बोलो की उर्दूत, शब्द एकच असतो : फाउंडेशन. या लेखात आम्हीही तोच शब्द वापरला आहे.

फाउंडेशन झिजले आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे, ते बदलण्याचे काम कसे चालते आणि गॅरेजमध्ये देताना काय विचारावे, याची माहिती येथे एकत्र दिली आहे. ज्यांना हत्यारे धरायची सवय आहे त्यांना हे काम स्वतः करता येईल. इतरांना निदान आपल्या गाडीत काय चालले आहे हे कळेल आणि नको त्या दुरुस्तीचा खर्च टळेल.

फाउंडेशन नेमके काय करते

फाउंडेशन म्हणजे दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये पक्का चिकटवलेला रबराचा ठोकळा. एक बाजू इंजिनच्या ब्रॅकेटला आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते. ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेने बसते आणि ताकद मागच्या चाकांकडे जाते. अशा मांडणीत साधारणपणे इंजिनच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक आणि मागे गिअरबॉक्सखाली एक, असे तीन आधार असतात.

त्यांची कामे तीन आहेत. पहिले, इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन पेलणे. दुसरे, इंजिनची थरथर सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे. तिसरे, जोर लागल्यावर इंजिन एका बाजूला कलंडते, त्याला मर्यादेत धरून ठेवणे.

यातले दुसरे काम ओम्नीत जास्त अवघड आहे. ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, तर ईकोचे ११९६ सीसीचे इंजिन चार सिलिंडरचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून तीन सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत सरासरी दीड स्फोट होतात, चार सिलिंडरमध्ये दोन. समजा इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर स्लो चालले आहे, म्हणजे सेकंदाला १५ फेऱ्या. ओम्नीत सेकंदाला साडेबावीस धक्के बसतात, ईकोत तीस. धक्के जितके कमी आणि सावकाश, तितके ते अंगाला जास्त जाणवतात. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनाला पुढून मागे डोलण्याची खोड असतेच. त्यामुळे ओम्नी उभी असताना थोडी थरथरणारच; तो दोष नव्हे. पूर्वी नव्हती इतकी थरथर आता आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा.

रबर मऊ ठेवण्यामागे कारण आहे. रबरावर बसलेल्या इंजिनाला स्वतःचा एक डोलण्याचा वेग असतो. तो वेग स्लो चालण्याच्या धक्क्यांपेक्षा बराच कमी राहिला, तर धक्के रबरातच जिरतात. रबर जुने होऊन कडक झाले की इंजिनाचा डोलण्याचा वेग वाढतो, धक्क्यांच्या वेगाजवळ येतो, आणि मग झोपाळ्याला योग्य वेळी ढकलावे तशी थरथर वाढत जाते. म्हणून वरून धडधाकट दिसणारे पण कडक झालेले फाउंडेशनही हादरा देते. "जास्त घट्ट रबर म्हणजे जास्त चांगले" हा समज चुकीचा आहे, हेही यावरून लक्षात येईल.

रबर का बिघडते

वय आणि उष्णता ही पहिली कारणे. सीटखालच्या बंद जागेत इंजिनची धग कोंडते आणि रबर हळूहळू कडक होऊन तडकते. दुसरे कारण तेल. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा ऑइल सीलमधून गळणारे इंजिन ऑइल फाउंडेशनवर ठिबकत राहिले की रबर फुगते, लिबलिबीत होते आणि पत्र्यापासून सुटते. तिसरे कारण रस्ता आणि चालवणे. पावसाळ्यानंतरचे खड्डे, गच्च भरलेली गाडी, चढावर क्लच झटक्यात सोडणे यांनी रबरावर ओढ पडते. चोर्ला किंवा आंबोली घाटात माणसांनी भरलेली व्हॅन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढवताना हा ताण सर्वांत जास्त असतो.

एक फाउंडेशन फाटले की त्याचा भार उरलेल्या दोघांवर जातो, आणि मग तीही लवकर जातात. म्हणून लहान तक्रार असतानाच बघणे स्वस्त पडते.

दुर्लक्ष केले तर

फाटलेले फाउंडेशन म्हणजे नुसता त्रास नव्हे. इंजिन जागेवरून हलू लागले की त्याला जोडलेली प्रत्येक वस्तू ओढली जाते : रेडिएटरचे होज, पेट्रोलचा पाइप, गॅस कीटची नळी, वायरिंग, ॲक्सिलरेटर आणि क्लचची केबल, सायलेन्सरचा जोड.

यातल्या दोन गोष्टी विशेष गंभीर आहेत. ओम्नी-ईकोत इंजिन प्रवाशांच्या सीटखालीच आहे. सततच्या हिसक्यांनी सायलेन्सरचा पुढचा जोड सैल झाला किंवा तडकला, तर धूर गाडीच्या आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. काचा बंद करून जाताना डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे असे दोघा-तिघांना एकदम होऊ लागले, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नये. काचा उघडाव्यात, गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे, त्रास थांबत नसेल तर दवाखाना गाठावा, आणि सायलेन्सर तपासल्याशिवाय ती गाडी वापरू नये.

दुसरी गोष्ट ॲक्सिलरेटरची. इंजिन एका बाजूला उचलले गेले, तर ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन इंजिन आपोआप रेस होऊ शकते. ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने १९६५ ते १९७० सालच्या सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या नेमक्या याच कारणासाठी दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. त्यांच्या फाउंडेशनचे रबर सुटत होते, इंजिन उचलले जात होते आणि थ्रॉटल अडकण्याचा धोका होता. त्या गाड्यांची बनावट आपल्या व्हॅनपेक्षा वेगळी होती, पण धडा तोच : इंजिनला धरून ठेवणारी वस्तू ब्रेकइतकीच गंभीरपणे घ्यावी.

लक्षणे कशी वाचावीत

पुढील गोष्टी फाउंडेशनकडे बोट दाखवतात :

- गाडी उभी, इंजिन स्लो चालू, आणि सीट, स्टीअरिंग, आरसा थरथरतात. थोडा ॲक्सिलरेटर दिला की थरथर एकदम कमी होते.
- इंजिन चालू करताना आणि बंद करताना मोठा हिसका बसतो.
- पहिला गिअर टाकून क्लच सोडताना किंवा रिव्हर्स घेताना खालून ठक्क असा एकच आवाज येतो.
- ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की गिअरचा दांडा पुढे-मागे किंवा बाजूला उडी मारतो.
- गिअर कधी सहज पडतो, कधी अडतो. काही वेळा आपोआप सुटतो.
- खड्ड्यातून जाताना सीटखाली लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे वाटते.

ठक्क आवाज पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सलाच का येतो? कारण या दोन गिअरमध्ये गिअरबॉक्स इंजिनचा जोर कित्येक पटींनी वाढवून मागे पाठवतो, आणि तेवढाच उलटा जोर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला कलंडवतो. पुढे जाताना एक बाजू उचलते व दुसरी दबते; रिव्हर्समध्ये याच्या उलट. म्हणून आवाज फक्त पुढे जाताना येतो की फक्त रिव्हर्समध्ये, हे लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगावे. कोणत्या बाजूचे रबर सुटले आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

फाउंडेशनसारखीच लक्षणे देणारे इतर दोष

खर्च करण्यापूर्वी पुढील फरक पाहावेत.

*इंजिन मिसिंग.* एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर तीन सिलिंडरची गाडी भयंकर हादरते. आवाज एकसारखा न येता मध्येच तुटतो, पिकअप पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू येते. असे असेल तर आधी प्लग, प्लगच्या वायर, एअर फिल्टर यांकडे बघावे. मिसिंग असताना फाउंडेशन बदलून काहीच साधत नाही.

*स्लो स्पीड कमी असणे.* स्लो ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली आला की धक्के आणखी सावकाश होतात आणि थरथर वाढते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघून आधी तो नीट लावून घ्यावा.

*क्लच.* क्लच सोडताना गाडी थडथडत पुढे सरकत असेल, म्हणजे एक ठोका न बसता पाच-सहा झटके बसत असतील, तर क्लच प्लेटवर संशय घ्यावा. मात्र ढिले फाउंडेशनही असेच थडथडवते, म्हणून क्लच उतरवण्याआधी फाउंडेशन तपासून घ्यावे. नुसता क्लच दाबल्याने आवाज बदलत असेल तर बेअरिंगचा प्रश्न असू शकतो.

*प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.* गिअर बदलताना खालून ठण आवाज येतो आणि विशिष्ट वेगाला गाडी गुणगुणल्यासारखी थरथरते. इंजिन बंद ठेवून, चाकांना अडण लावून, शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून पाहिल्यास क्रॉसमधला ढिलेपणा कळतो.

*चाके आणि टायर.* उभ्या गाडीत काहीच त्रास नाही, वेग वाढला की स्टीअरिंग थरथरते, असे असेल तर दोष चाकांत आहे.

*सायलेन्सरचे रबर.* लटकवायचे रबर तुटले की सायलेन्सर सांगाड्यावर आपटतो. हे काम अगदी स्वस्त आहे. म्हणून आधी तेच बघावे.

थोडक्यात नियम असा : थरथर इंजिनच्या वेगाबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर, हे आधी ठरवावे. उभ्या गाडीतही होत असेल तर इंजिन किंवा फाउंडेशन. फक्त चालताना होत असेल तर शाफ्ट किंवा चाके.

घरी करायच्या तीन तपासण्या

*पहिली : डोळ्यांनी.* इंजिन पूर्ण थंड असताना सीट उचलून इंजिनवरचे झाकण उघडावे आणि चांगल्या बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजूंची फाउंडेशन पाहावीत. रबराला खोल भेगा, रबर आणि पत्रा यांच्यामध्ये फट, तेलाने चकचकीत व फुगलेले रबर, एका बाजूला बसलेले इंजिन, लोखंड घासून चमकलेली जागा, यांपैकी काही दिसले तर निदान जवळजवळ झालेच. वरवरच्या केसासारख्या बारीक भेगा जुन्या रबरावर असतातच. त्यांवरून निर्णय घेऊ नये.

*दुसरी : उचलून.* इंजिन बंद ठेवून, खाली जॅक लावून, मध्ये जाड लाकडी फळी ठेवून इंजिन अगदी किंचित उचलावे. चांगले रबर थोडे ताणते आणि इंजिनबरोबर सांगाडाही उचलला जाऊ लागतो. सुटलेल्या रबरात मात्र पत्रा आणि रबर यांच्यात फट उघडते. वजनाखाली दबून राहिलेली चीर फक्त याच तपासणीत दिसते. यासाठी गाडीखाली शिरायचे नाही. वरून किंवा बाजूने बघायचे.

*तिसरी : जोर देऊन.* याला दोन जाणती माणसे लागतात. मोकळी सपाट जागा हवी. गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको, मुले तर अजिबात नकोत. चारही चाकांना अडण लावावे, हँडब्रेक ओढावा. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा, पहिला गिअर टाकावा आणि क्लच हळूच इतकाच सोडावा की इंजिनवर भार येईल. लगेच पुन्हा दाबावा. हे दोन सेकंदांचे काम आहे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दुसऱ्या सीटखालच्या उघड्या झाकणातून बघावे. बेल्टजवळ हात, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी येऊ देऊ नये. मग हेच रिव्हर्समध्ये करावे. इंजिन थोडे कलणे साहजिक आहे. एका बाजूला ते झटक्यात उडी मारत असेल, परत बसताना ठक्क आवाज येत असेल, किंवा पुढच्या आणि रिव्हर्सच्या हालचालीत मोठा फरक असेल, तर त्या बाजूचे फाउंडेशन गेले असे समजावे.

मागच्या गिअरबॉक्सच्या फाउंडेशनसाठी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवून, पहारीने गिअरबॉक्स किंचित उचलून बघतात. ते घरी करण्याच्या भानगडीत पडू नये.

सुटा भाग विकत घेताना

- गाडीचे वर्ष, मॉडेल आणि इंधन सांगूनच भाग घ्यावा. शक्य असेल तर जुना भाग सोबत न्यावा. डावे-उजवे वेगळे असू शकतात. उंची, बोल्टची जागा आणि तिरकसपणा जुळवून पाहावा.
- कंपनीचा किंवा नामांकित बनावटीचा भाग घ्यावा. हलक्या नकलेत रबर एकतर दगडासारखे कडक असते किंवा काही महिन्यांत बसते.
- रबराला नख लावून बघावे; ते किंचित दबून परत यायला हवे. रबर आणि लोखंडाच्या सांध्यावर कुठेही सुटलेली कड नसावी.
- भंगारातल्या गाडीचे फाउंडेशन घेऊ नये. रबर न वापरताही म्हातारे होते.
- डावे-उजवे जोडीनेच बदलावे. एक नवे, एक जुने ठेवले तर इंजिन तिरके बसते आणि नवेही लवकर जाते. मागचे तपासून ठरवावे; पण गाडीचे तिन्ही मूळचेच असतील तर एकाच वेळी बदलणे परवडते.
- नट-बोल्ट गंजलेले असतील तर त्याच प्रतीचे नवे घ्यावेत. उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात चांगला बोल्ट मिळणे अवघड नाही. कुठलाही साधा बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नये.

बदलण्याचे काम, क्रमाने

लागणारे सामान : मजबूत जॅक, दोन लोखंडी स्टँड, चाकांना लावायला अडण, जाड लाकडी फळी, रिंग पाने व गोटी पाने, टॉर्क पाना, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, बॅटरी, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. टॉर्क पाना नसेल तर काम गॅरेजमध्येच द्यावे.

१. आदल्या संध्याकाळी सर्व नट-बोल्टवर स्प्रे मारून ठेवावा. रबरावर उडाल्यास पुसून घ्यावे. ज्या गळतीमुळे रबर खराब झाले ती गळती आधी दुरुस्त करावी. नाहीतर नवे रबरही त्याच वाटेने जाईल.

२. सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करावी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. इंजिन थंड असावे. चाकांना अडण, हँडब्रेक, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. एलपीजी किंवा सीएनजी कीट असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. गॅसची नळी किंवा तिचा जोड कामाच्या आड येत असेल तर त्याला स्वतः हात लावू नये. गॅस कीटच्या जाणत्या माणसाकडूनच ते करून घ्यावे.

३. गाडी उचलायची असल्यास मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावावा आणि लगेच स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एक मिनिटही जाऊ नये. विटा, दगड, चाकाची रिम हे स्टँड नव्हेत.

४. सगळ्या जोडण्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. फाउंडेशनची वरची बाजू, पुढची बाजू आणि बोल्टची जागा खडूने किंवा पेंटने खूण करून ठेवावी.

५. इंजिनखाली फळी ठेवून जॅक लावावा. ऑइल चेंबरचा पत्रा पातळ असतो. जॅकचे डोके थेट लावले तर चेंबर आत दबतो आणि आतली ऑइल ओढणारी जाळी अडू शकते. फळी रुंद असावी आणि जॅकने फक्त वजन पेलावे. या टप्प्यावर इंजिन उचलू नये.

६. एका वेळी एकच फाउंडेशन सोडवावे. तिन्ही एकदम सोडली तर इंजिन कुठे सरकेल याचा भरवसा नाही. बोल्ट काढल्यावर जुना भाग निघेल इतकेच इंजिन हळूहळू उचलावे. उचलताना दर थोड्या वेळाने थांबून होज, केबल, वायर आणि सायलेन्सरचा जोड ताणले जात नाहीत ना, ते बघावे. इंजिन आणि ब्रॅकेट यांच्या फटीत बोटे घालू नयेत.

७. जुना भाग काढल्यावर ब्रॅकेट आणि सांगाड्याची जागा ब्रशने साफ करावी. ब्रॅकेटला चीर, सांगाड्याला गंजाचे भोक किंवा आटे गेलेला बोल्ट दिसला तर तिथेच थांबावे. कुजलेल्या सांगाड्यावर नवे फाउंडेशन लावून उपयोग नाही. आधी ते काम चांगल्या वेल्डरकडून करून घ्यावे.

८. नवा भाग खुणेप्रमाणे बसवून सर्व बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवावेत. बोल्ट बसत नसेल तर इंजिन जॅकने किंचित वर-खाली करून भोक जुळवावे. हातोडीने ठोकू नये.

९. इंजिन सावकाश खाली घेऊन पूर्ण वजन रबरावर येऊ द्यावे. इंजिन हाताने एक-दोनदा हलवावे म्हणजे रबर पीळ न पडता सरळ बसते. त्यानंतरच मॅन्युअलमधल्या टॉर्कने बोल्ट आवळावेत. पीळ पडलेल्या अवस्थेत आवळलेले नवे रबरही थरथर देते.

१०. याच रीतीने दुसरी बाजू करावी, शेवटी मागचे. मागच्यासाठी जॅक आणि फळी गिअरबॉक्सखाली घ्यावी. गाडीखाली जाण्याआधी स्टँड पुन्हा तपासावेत.

११. इंजिनची अर्थिंग वायर न विसरता घट्ट जोडावी. इंजिन रबरावर बसलेले असल्याने ही वायर नसेल तर स्टार्टरच्या करंटला नीट वाट मिळत नाही. गाडी अडखळत सुरू होते आणि करंट केबलमधून वाट काढून त्या तापवतो.

१२. हत्यारे, चिंध्या मोजून बाहेर काढाव्यात, बॅटरी जोडावी, गॅसचा व्हॉल्व्ह उघडून वास येतो का बघावे, मग इंजिन सुरू करावे.

काम झाल्यावर

स्लो चालू ठेवून होज, पाइप आणि सायलेन्सर कुठे घासत नाहीत ना, ते पाहावे. नव्या रबरामुळे इंजिन पूर्वीपेक्षा थोडे वर बसते. त्यामुळे गिअरची जोडणी आणि क्लचचा फ्री प्ले तपासून घ्यावा. पहिली फेरी गल्लीतल्या गल्लीत, रिकाम्या गाडीने घ्यावी. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर बोल्टचा टॉर्क पुन्हा बघावा. घाटातला लांब प्रवास या दुसऱ्या तपासणीनंतरच ठेवावा.

फाउंडेशन बदलल्याने इंजिन नंबर बदलत नाही, त्यामुळे आर.सी.मध्ये कसलीही नोंद लागत नाही. मात्र खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. ते वर्ष जवळ आले असेल तर हे काम आधीच उरकून बिल जपून ठेवावे.

हे करू नये

- फाटलेल्या रबरात सायकलच्या ट्यूबचे किंवा टायरचे तुकडे ठोकू नयेत. ते निसटतात, तेही बहुधा भर रस्त्यात.
- दोन पत्रे वेल्ड करून किंवा आरपार बोल्ट घालून फाउंडेशन "कायमचे" करू नये. सगळी थरथर सांगाड्यात जाते आणि ब्रॅकेट तडकते.
- रबरावर ग्रीस किंवा ऑइल लावू नये. आवाज थांबल्यासारखा वाटतो, पण रबर कुजते.
- मापाबाहेर वॉशर घालून उंची वाढवू नये.

गॅरेजमध्ये देताना

मिस्त्रीला "गाडी हादरते" एवढेच न सांगता कधी हादरते ते सांगावे : उभी असताना, रिव्हर्सला, चढावर. पुढील प्रश्न मोकळेपणाने विचारावेत :

- कोणत्या बाजूचे गेले आहे? मला दाखवता का?
- भाग कोणत्या बनावटीचा घालणार? डबी दाखवाल का?
- भागाची किंमत आणि मजुरी वेगळी किती?
- तेल कुठून गळत होते, ते बंद केले का?

जुने भाग परत मागून घ्यावेत. त्यात गैर काही नाही. "इंजिन पूर्ण उतरवावे लागेल" असे सांगितले गेले तर कारण विचारावे, कारण नुसत्या फाउंडेशनसाठी इंजिनला खालून आधार देऊन थोडे उचलणे सहसा पुरते. शंका वाटली तर दुसऱ्या ठिकाणी दाखवावे. त्याच वेळी, पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत गंजलेला बोल्ट तुटला आणि वेळ वाढला, तर त्यात मिस्त्रीचा दोष नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

वाटेत फाउंडेशन तुटले तर

एकदम मोठा ठोका बसून इंजिन हिसके देऊ लागले, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांना रस्त्यापासून दूर उतरवावे. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास, खाली पाणी किंवा ऑइल, सायलेन्सरचा फाटका आवाज, ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन रेस राहणे, यांपैकी एकही असेल तर गाडी पुन्हा सुरू करू नये; ओढूनच न्यावी. चालताना इंजिन आपोआप रेस होऊ लागले तर क्लच दाबावा, ब्रेक लावावा आणि गाडी थांबल्यावर चावी बंद करावी. चालत्या गाडीत चावी पूर्ण फिरवून काढू नये, स्टीअरिंग लॉक होऊ शकते.

यांपैकी काहीच नसेल, तर रिकाम्या गाडीने, क्लच अगदी हळू सोडत, जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल. घाट चढायचा किंवा उतरायचा उरला असेल तर मात्र तो धोका पत्करू नये. माणसांसाठी दुसरी गाडी बोलवावी.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, सीट उचलून वरची पहिली तपासणी केली तरी पुरे. पाच मिनिटे आणि एक बॅटरी एवढेच त्याला लागते.